डोंगरापलीकडचा संघ

"तू शाळेच्या टीममध्ये होतास, क्रिकेटवर चार पानं लिही," असा निरोप स्मरणिका समितीकडून आला तेव्हा मी आधी हसलोच. आपल्या १९८३ च्या तुकडीच्या टीमचा इतिहास तो काय? पॅडची एक जोडी. ती दोन फलंदाजांनी एकेक वाटून घ्यायची. बॅट दोन, त्यातली एक सुतळी गुंडाळलेली. बाहेरगावी खेळायला गेलो की जाताना गाडीत गाणी आणि येताना भांडणं. अर्ध्या पानात आटपला असता हा इतिहास. त्यातही कोणी कोणाला धावबाद केलं यावरून चाळीस वर्षांनी पुन्हा वाद पेटला असता, ते वेगळंच.

म्हणून दुसऱ्याच एका संघाविषयी लिहितो. त्याचं कारण आपल्या इतिहासाच्या सरांचा एक तास. त्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "होळकरांचं राज्य कधी संपलं?" आपण सगळे एका सुरात, "१८१८!" थाळनेर आपल्याला पाठ होतं ना. सर म्हणाले, "ते खानदेशातलं. इंदूरचं राज्य १९४८ पर्यंत होतं." मग पुस्तक मिटता मिटता म्हणाले, "आणि त्यांची क्रिकेट टीम १९५५ पर्यंत." तेवढ्यात बेल झाली. राज्य संपल्यावर सात वर्षं टीम कशी काय खेळली, हे कोणी विचारलंच नाही. आपल्याला डबे उघडायची घाई.

सर संमेलनाला येणार आहेत असं कळलं आहे. तेव्हा हा चाळीस वर्षं उशिरा केलेला गृहपाठ समजा.

आधी थोडं आपल्याकडचं. होळकर म्हटलं की आपण इंदूर नाहीतर महेश्वर म्हणतो, पण त्या घराण्याचा पाया घातला गेला तो खानदेशात. मल्हारराव जन्मले नीरेकाठच्या होळ गावी. वडील लवकर गेल्यावर आईने त्यांना घेऊन भावाचं घर गाठलं. हे मामा म्हणजे तळोद्याचे भोजराज बारगळ. मामांच्या पागेत मल्हारराव घोड्यावर बसायला शिकले आणि पुढे त्यांचेच जावई झाले. म्हणजे तळोदा हे होळकरांचं आजोळही आणि सासुरवाडीही. पुढे माळव्यात राज्य उभं राहिलं, तरी सातपुड्याच्या दक्षिणेला खानदेशात होळकरांचा मुलूख होताच. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि डोंगराच्या अलीकडचं सगळं इंग्रजांना देऊन टाकावं लागलं. थाळनेरच्या किल्लेदाराने तह झाल्यावरही किल्ला सोडला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस जनरल हिस्लॉपने किल्ला घेतला, आतल्या माणसांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. तापीकाठचे ते पडके बुरूज आपण सहलीला पाहिले आहेत.

तेव्हापासून होळकर आपल्यासाठी डोंगरापलीकडचे झाले. पण डोंगर तो केवढा? शिरपूरला गाडी बदलायची, पळासनेर ओलांडायचं, बिजासनचा घाट चढून देवीला हात जोडायचे, की सेंधवा. पुढे खलघाटला नर्मदा, मग महू आणि इंदूर. आपल्यातल्या किती जणांच्या आत्या, मावश्या, बहिणी तिकडे दिल्या आहेत ते आठवा. इंदूरचा माणूस मराठी बोलतो, पोहे खातो आणि क्रिकेटचा विषय निघाला की कर्नलसाहेबांचं नाव घेतो. नुसतं 'कर्नल' म्हटलं तरी ते कोण हे तिथे सांगावं लागत नाही.

हे कर्नल म्हणजे सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, १८९५ चा. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावलं आणि फौजेत कॅप्टनची जागा दिली. कर्नल ते नंतर झाले. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार होते. हिंदी माणूस साहेबाला असं झोडपू शकतो हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कर्णधार तेच होते. खरं तर त्या दौऱ्यावर कप्तान म्हणून पोरबंदरचे महाराज गेले होते, कारण संघाच्या पुढे राजा हवा अशी तेव्हाची रीत. पण आपल्याला खेळ जमत नाही हे ओळखण्याइतके ते महाराज शहाणे होते. ते बाजूला झाले, म्हणून नायडू पुढे आले.

ही राजेलोकांची गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो, पुढे लागणार आहे.

रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला इंदूरचे खेळाडू सेंट्रल इंडिया या नावाखाली खेळायचे. 'होळकर' या नावाचा स्वतंत्र संघ उतरला १९४१-४२ च्या हंगामात. गादीवर तेव्हा यशवंतराव होळकर होते, तुकोजीरावांचे चिरंजीव. युरोपातल्या नव्या चित्र-शिल्पांचे शौकीन, स्वतःसाठी जर्मन वास्तुशिल्पीकडून माणिकबाग महाल बांधून घेणारे. त्यांनी कर्णधारपदाचा हट्ट धरला नाही. खेळाडूंना फौजेत नाहीतर दरबारात नोकरी द्यायची, सरावाला मैदान द्यायचं आणि बाकी सगळं नायडूंवर सोडायचं, एवढंच त्यांनी केलं. माझ्या मते त्या संघाचं अर्धं यश यातच आहे.

संघ कोणाकोणाचा होता ते पाहण्यासारखं आहे. मुश्ताक अली अस्सल इंदूरचे. कोवळ्या वयातच नायडूंच्या नजरेला पडलेले. १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा काढल्या. भारताबाहेर कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. क्रीज सोडून वेगवान गोलंदाजाला पुढे जाऊन मारायचे, त्यामुळे लोकांचा जीव त्यांच्यावर आणि निवड समितीचा जीव टांगणीला. १९४५ मध्ये कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळलं तेव्हा लोकांनी 'नो मुश्ताक, नो टेस्ट' म्हणत निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेरलं होतं. त्यांना घ्यावंच लागलं.

चंदू सरवटे मूळ सागरचे. लेगस्पिन टाकायचे आणि सलामीपासून दहाव्या क्रमांकापर्यंत कुठेही फलंदाजी करायचे. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध ते दहाव्या क्रमांकावर गेले, अकराव्या क्रमांकावर शुटे बॅनर्जी आले आणि दोघांनी शेवटच्या जोडीला २४९ धावांची भर घातली. दोघांचीही शतकं. पेशाने सरवटे वकील आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. हिरालाल गायकवाड नागपूरकडचे, डावखुरे, दिवसभर टाकत राहणारे. सी. एस. नायडू हे कर्नलचे धाकटे भाऊ, आधी बडोद्याकडून खेळलेले. माधवसिंह जगदाळे होते. नंतर मुंबईचे खंडू रांगणेकरही काही काळ येऊन खेळले.

म्हणजे होळकरांचा संघ म्हणावा, तर त्यातले होळकरांचे मूळ प्रजाजन थोडेच. टीका करणारे तेव्हाही म्हणत की हा पगारी संघ आहे. खोटं नाही ते. शेतकऱ्याच्या साऱ्यातून क्रिकेटपटूंचे पगार जात होते, हेही विसरता येत नाही. पण मग त्या काळात खेळाडूने जगायचं कसं? सामन्याचे पैसे जवळजवळ मिळत नसत. ज्याला संस्थानची, रेल्वेची किंवा एखाद्या कंपनीची नोकरी नाही त्याने एक तर श्रीमंत घरात जन्मावं किंवा बॅट खुंटीला टांगावी. नायडू, मुश्ताक, सरवटे, निंबाळकर यांच्यात एकही धनिकपुत्र नव्हता.

आता सामन्यांकडे येतो. सगळे सांगत बसलो तर समिती पानं कापेल. तीनच सांगतो, आणि त्यातले दोन हरलेले आहेत.

पहिला १९४४-४५ चा अंतिम सामना, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. होळकर संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला होता. महायुद्ध चालू होतं आणि इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत नेमणुकीवर होता. महूहून इंदूर किती लांब? नायडूंनी त्याला संघात घेतलं. मुंबईने पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरने ३६०. दुसऱ्या डावात विजय मर्चंटने एकट्याने २७८ काढल्या आणि मुंबईने ७६४ चा डोंगर रचला. जिंकायला हव्या होत्या ८६७ धावा. आकडा पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता, म्हणजे बरोबरीची पळवाटही नाही. मुश्ताकने पहिल्या डावात १०९ केल्या होत्या, दुसऱ्यात १३९ केल्या. कॉम्प्टन शेवटपर्यंत उभा राहिला, नाबाद २४९. संघ ४९२ वर संपला. ३७४ धावांनी हार. एका सामन्यात दोन्ही बाजूंच्या मिळून २०७८ धावा झाल्या.

कॉम्प्टन पुढे आयुष्यभर या सामन्याची एक गंमत सांगायचा. एका धनिकाने त्याला शब्द दिला होता, शंभरच्या पुढच्या प्रत्येक धावेमागे रोख रुपये. १४९ धावा जास्तीच्या काढून तो परतला, तर तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागत असल्याची चिठ्ठी ठेवून शेठजी पसार! आपल्याकडेही सामना जिंकला तर भजी देण्याचं कबूल करून ऐनवेळी सायकलवर टांग मारणारा एक जण होता. नाव लिहीत नाही, तो याच समितीत आहे.

पण त्या सामन्यातली माझ्या मनात राहिलेली गोष्ट कॉम्प्टनची नाही, सी. एस. नायडूंची आहे. त्यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. पहिल्या डावात ६४.५ षटकं, दुसऱ्यात ८८. बळी मिळाले अकरा, धावा गेल्या ४२८. एका सामन्यात सर्वाधिक चेंडू आणि सर्वाधिक धावा देणं, हे दोन्ही विक्रम त्यांच्या नावावर लागले. समोर मर्चंट, उन्हाळ्याच्या तोंडावरची मुंबईची उकाड्याची हवा, पाटा खेळपट्टी आणि कर्णधार सख्खा थोरला भाऊ. 'दादा, आता दुसऱ्या कोणाला दे' असं म्हणायची सोय कर्नलसमोर नसावी.

पुढच्याच हंगामात संघाने त्याची भरपाई केली. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात इंदूरला म्हैसूरविरुद्ध होळकरने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. सहा जणांनी शतकं ठोकली. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतकं त्याआधी कोणी केली नव्हती. अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून संघाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. त्या सामन्यात नायडूंनी २०० केल्या. वय पन्नास. पन्नाशीत आपण जिना चढून पाणी मागतो.

तिसरा सामना मार्च १९४७ चा. पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा बडोदा, या वेळी बडोद्याच्या घरात. बडोद्याचे ९१ धावांत तीन गडी बाद झाले होते. तिथून विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि ५७७ धावांची भागीदारी करून सुटले. हजारे २८८, गुल महंमद ३१९. जगातल्या कुठल्याही जोडीची ही सर्वांत मोठी भागीदारी ठरली आणि ५९ वर्षं तशीच राहिली. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धनेंनी ६२४ केल्या तेव्हा ती मोडली. होळकर संघ त्या सामन्यात एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. तीन वर्षांत तीन अंतिम सामने, त्यातल्या दोन वेळा धावांच्या पुरात वाहून गेलेला हा संघ. तरी पुढच्या वर्षी, १९४७-४८ मध्ये, तो पुन्हा अंतिम फेरीत होता आणि मुंबईला नऊ गडी राखून हरवून दुसऱ्यांदा विजेता झाला.

तो हंगाम संपला आणि २८ मे १९४८ ला होळकरांचं राज्य संपलं. इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातली लहानमोठी संस्थानं मिळून मध्यभारत झालं. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, म्हणजे शिंदे-होळकरांचा जुना वाद वर्षातून दोनदा सामान बांधून मिटवायचा! फौज गेली, दरबार गेला, टपालाची तिकिटं गेली.

आणि संघ राहिला. इथेच सरांच्या त्या वाक्यात मला अडकायला झालं होतं.

रणजी स्पर्धेत राज्यांचे नकाशे आणि संघांचे नकाशे तेव्हा जुळत नव्हते, आजही जुळत नाहीत. एकट्या महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. आपला जळगाव जिल्हा त्यातल्या 'महाराष्ट्रा'त मोडतो. बडोद्याचं संस्थान जाऊन इतकी वर्षं झाली, पण बडोदा अजून खेळतो. तसा होळकर संघही १९४८ नंतर त्याच नावाने खेळत राहिला. नियमाच्या बाजूने उत्तर एवढंच. पण नियमाने नाव टिकतं, खेळ टिकत नाही. महाराजांची तिजोरी पूर्वीसारखी उघडी नव्हती. पगारी म्हणून हिणवलेले ते खेळाडू निघून गेले असते तर कोणी नावं ठेवली नसती. काही गेलेही. निंबाळकर १९४८ च्या हंगामात महाराष्ट्राकडून खेळले. पण मुश्ताक राहिले, सरवटे राहिले, गायकवाड राहिले, जगदाळे राहिले आणि कर्नल तर राहिलेच. संघाने एकूण दहा अंतिम सामने खेळले, त्यातले सहा राज्य संपल्यानंतरचे. चार विजेतेपदांपैकी दोन, १९५०-५१ आणि १९५२-५३ ची, त्या काळातली. ज्या संस्थानच्या नावाने करंडक जिंकला ते संस्थान तेव्हा नकाशात नव्हतं.

निंबाळकरांचा विषय निघालाच आहे तर ती चुटपूट सांगून टाकतो. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर. मध्यंतराला काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. दोन षटकं खेळू द्या अशी विनंती केली, तीही मान्य झाली नाही. आपल्या संघाविरुद्ध विक्रम नोंदवला जाऊ नये म्हणून सगळे गाडी पकडून घरी. हे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणजे संस्थानिक. राजांची नोंद वर करून ठेवली होती ती यासाठी. एक राजा खेळाडूला मैदान देतो आणि बाजूला बसतो, दुसरा स्वतः कर्णधार होऊन दुसऱ्याच्या नऊ धावा अडवतो. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. प्रथम श्रेणीत ४७ च्या वर सरासरी असूनही. २०१२ मध्ये कोल्हापुरात ते गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

राहिलेल्या मंडळींना कशाने धरून ठेवलं असेल? मला वाटतं, कर्नलच्या धाकाने. आपल्या पी.टी.च्या सरांचा धाक आठवा आणि त्याला दहाने गुणा. सराव चुकवायचा नाही, दुखतंय म्हणायचं नाही. त्यांची एक आठवण सांगतात. १९५१-५२ चा अंतिम सामना, पुन्हा मुंबईविरुद्ध. दत्तू फडकरांचा चेंडू उसळून नायडूंच्या तोंडावर बसला, दोन दात पडले. वय छप्पन्न. त्यांनी पडलेले दात बॅटने खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुन्हा उभे राहिले. फडकर बिचारे घाबरून हळू टाकायला लागले, तर त्यांना दटावलं, जोरात टाक म्हणून. असा म्हातारा समोर असताना पंचविशीचा पोरगा कंबर दुखते म्हणेल का? तो सामना होळकरने गमावला. पुढच्या वर्षी कलकत्त्याला बंगालविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर चौथं विजेतेपद मिळालं. त्यानंतर नायडू नव्या आंध्र संघाला उभं करायला गेले, आणि एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले.

शेवट १९५४-५५ चा. इंदूरलाच अंतिम सामना, समोर मद्रास. होळकर ४६ धावांनी हरला. इतक्या थोडक्यात. पुढच्या हंगामात संघाचं नाव मध्यभारत झालं, राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. खेळाडू तेच, मैदान तेच. पण करंडक काही पुन्हा आला नाही. सरवटे पुढेही कितीतरी वर्षं मध्य प्रदेशाकडून खेळत राहिले.

आता आपल्या तुकडीपुरतं. जून १९८३. आपला दहावीचा निकाल लागलेला, कॉलेजचे फॉर्म हातात. २५ तारखेच्या रात्री गल्लीतल्या एका रेडिओभोवती आपण बाराजण. कोणीतरी सारखा 'आता संपलं भो' म्हणत होता. कपिलने रिचर्ड्सचा झेल पकडला तेव्हा रेडिओ पडता पडता वाचला. ती टीम निवडणाऱ्या समितीत पाच माणसं होती, त्यातले एक इंदूरचे चंदू सरवटे. आपल्याला तेव्हा हे नाव माहीतही नव्हतं. लॉर्ड्स तेच, तारीख तीच २५ जून, मधे ५१ वर्षं. पहिल्या दिवशी कर्णधार होळकरांचा माणूस आणि दुसऱ्या दिवशी संघ निवडणाऱ्यांत होळकरांचा माणूस.

हरवलं कोणाला, तर वेस्ट इंडीजला. त्यांचंही कोडं असंच. वेस्ट इंडीज नावाचा देश नाही. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, अँटिग्वा, प्रत्येक बेटाचा झेंडा वेगळा. १९५८ मध्ये बेटांनी मिळून एक संघराज्य करून पाहिलं, ते १९६२ मध्ये मोडलं. देश जेमतेम चार वर्षं टिकला, क्रिकेट संघ त्याच्या आधीही होता आणि नंतरही आहे. ८ डिसेंबर २०११ ला हा देश नसलेला संघ इंदूरला खेळायला आला. मैदानाचं नाव वर्षभरापूर्वीच होळकर स्टेडियम ठेवलं होतं. सेहवागने त्या दिवशी २१९ धावा काढल्या. टीव्हीवर समालोचक सारखं 'होळकर, होळकर' म्हणत होते. माझ्या मुलाने विचारलं, "हे होळकर म्हणजे कोणी बॅट्समन होते का?" मी त्याला तळोद्यापासून सांगायला सुरुवात केली. सेहवागचं द्विशतक होईपर्यंत मी महिदपूरला पोचलो होतो. तो ऐकत नव्हता.

मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला तो २६ जून २०२२ ला, बंगळुरूमध्ये, मुंबईला सहा गडी राखून हरवून. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. याच मैदानावर १९९९ मध्ये त्यांच्या कप्तानीखाली मध्य प्रदेश अंतिम सामना हरला होता. मुंबईचा मराठी माणूस, मुंबईलाच हरवून रडत होता. १९५३ नंतर तब्बल ६९ वर्षांनी करंडक इंदूरकडे निघाला.

त्या दुपारी मी इंदूरहून भाचीचं काम उरकून परत येत होतो. मोबाईलवर धावफलक बघत होतो, पंचवीस-तीस धावा राहिल्या होत्या आणि गाडी बिजासनच्या घाटात शिरली. रेंज गेली. शेजारच्या सीटवर एक इंदुरी आजोबा होते, ते म्हणाले, "काळजी नको, आता नाही हरत." घाट उतरून पळासनेरच्या पुढे आलो तेव्हा फोनला पुन्हा जीव आला. निकाल बघून मी त्यांच्याकडे वळलो, तर ते झोपले होते. शिरपूर येईपर्यंत त्यांना उठवावं की नाही याचाच विचार करत बसलो.